वाकतं आसन

कीर्तनात खुर्चीवर बसलं की कीर्तन ऐकू येतं, पण अंगाला लागत नाही. साळूबाईला हे गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर कळलं.

त्याआधी ती सतरंजीवर बसायची. बायकांच्या बाजूला, मधोमध, मांडीला मांडी लावून. महाराजांनी चरण धरला, टाळकऱ्यांनी उचलला आणि पखवाजावर थाप पडली की शेजारणीचा खांदा हलायचा, त्यानं साळूबाईचा हलायचा, तिच्यानं पलीकडचीचा. कोण कोणाला डोलवतंय याचा पत्ता लागायचा नाही. ओळच्या ओळ वाऱ्यावरच्या ज्वारीसारखी हलायची आणि त्यातलं एक ताट आपण आहोत एवढंच कळायचं. माणसाला आणखी काय पाहिजे असतं?

आता मंडपवाल्याची लाल प्लास्टिकची खुर्ची. ती सतरंजीवर ठेवता येत नाही, म्हणून मागं, खांबाजवळ. पुरुषांच्या बाजूला खुर्च्यांवर चार म्हातारे तरी होते. बायकांच्या बाजूला ती एकटी. समोर नुसते डोक्यावरचे पदर. टाळी वाजवली तर ती तिच्याच हातात वाजून थांबायची. जरा डोललं की खुर्ची किरकिरायची आणि पुढची बाई मागं वळून बघायची.

पण डोलायचं राहिलं, हे दुखणं त्यातल्या त्यात लहान. मोठं दुखणं वेगळंच होतं.

कीर्तन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात. त्या घटकेला थोरला-धाकटा कोणी राहत नाही. ज्यानं कान लावून कीर्तन ऐकलं त्याच्या ठायी देव येऊन बसलेला असतो, म्हणून सासू सुनेच्या पायाला हात लावते आणि सून सासूच्या. एरवी जे कधी घडायचं नाही ते तेवढ्या वेळात घडून जातं आणि मग माणसं चपला शोधत घरी जातात.

साळूबाईची धाकटी जाऊ चतुराबाई. दोघींच्या घरांत एकच भिंत. नवरे जिवंत असताना विहिरीच्या पाळीवरून भांडण झालं होतं. आधी धाकटा गेला, मग थोरला गेला, विहिरीत गाळ भरला, गावात नळ आला. भांडण तेवढं शिल्लक राहिलं. दोघी वर्षभर एक अक्षर बोलायच्या नाहीत. नळावर एकीची घागर भरली की दुसरी पुढं सरकायची, इतकंच. पण सप्त्यात, काल्याच्या दिवशी, कीर्तन संपल्यावर चतुराबाई गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर यायची. दोघी एकदमच वाकायच्या. एकदा तर डोकी आपटली आणि दोघींनी कपाळ चोळलं. हसू आलं होतं, पण हसल्या नाहीत. बोलायच्या तर नाहीतच. तेवढं झालं की साळूबाईला पुढचं वर्ष काढता यायचं.

मागच्या काल्याला ती खुर्चीवर होती. चतुराबाई आली, वाकली, तिच्या पायाला हात लावला. साळूबाई पुढं झुकली. गुडघा अर्ध्यावरच अडला, खुर्चीचे मागचे पाय उचलले गेले आणि ती तोंडावरच जायची, शेजारच्या पोरीनं दंड धरून तिला मागं ओढलं. हात तसेच हवेत राहिले. चतुराबाई वाकलेली होती; तिला हे काही दिसलं नाही. तिला एवढंच कळलं की आपल्या पायाला हात लागला नाही. ती उठली, पदर सारखा केला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी नळावर ती बायकांना म्हणाली, "खुर्चीवर बसून पाया पडून घेती. महाराज झाली बाई आमची थोरली!"

हे साळूबाईला पोचवायला तिघीजणी आल्या.

तेव्हापासून भिंत जास्तच जाड झाली. सकाळी पलीकडं कुकरची शिट्टी झाली की साळूबाईला कळायचं, चतुरा उठली. दुपारी खोकला यायचा. संध्याकाळी टीव्हीवर हरिपाठ लागायचा. दोघींच्या घरात तोच, एकाच वेळी. साळूबाई आपला आवाज बारीक करून पलीकडचा ऐकायची.

आणि यंदा अंगदचा, तिच्या मुलाचा, पुण्याहून फोन आला. "आई, काला झाला की मी गाडी घेऊन येऊन राह्यलो. आता न्हाई म्हणू नको. तिथं एकटी काय करतीस? हिथं लिफ्ट हाय, तुला एक पायरी चढायचं काम न्हाई."

"तिथं सप्ता असतो का रे?"

"असतो ना. मोबाईलवर लावून देईल तुझी नात, अर्पिता. पाह्यजे तो महाराज."

तिनं बरं म्हटलं. पोरगा चुकीचं काही बोलत नव्हता. फोन ठेवल्यावर तिनं मनाशी एकच गोष्ट धरली: जाण्याआधी यंदाच्या काल्याला चतुराच्या पायाला हात लावायचा. मग लिफ्टनं कुठंही न्यावं.

दुसऱ्या दिवशी ती काळीपिवळीत बसून तीर्थपुरीला गेली, हाशिमच्या दुकानात. हाशिम सुतार. गावातली निम्मी दारं-खिडक्या त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातच्या. बाप ख्वाजामियाँ आता काम करत नव्हता. दाराशी खाटेवर बसून एखाद्या फळीला पॉलिशपेपर घासत राहायचा.

"या मावशी," हाशिम म्हणाला. "काय करायचंय?"

"खुर्ची."

"हाताची का बिनहाताची?"

"वाकणारी."

हाशिम हसला. "खुर्ची मोडती मावशी. वाकत न्हाई."

"मंग मला कशाला खुर्चीवर बसवलं डॉक्टरनं? मला वाकायचंय."

तिनं सगळं सांगितलं. जावेचं नाव घेतलं नाही, 'एका बाईच्या पाया पडायचंय' एवढंच म्हणाली. पण तीर्थपुरी आणि गाव यांच्यात अंतर ते किती. हाशिमला नाव माहीत होतं. त्यानं विचारलं नाही.

त्यानं तिला एका खोक्यावर बसवलं. "आता वाका. जेवढं जमल तेवढं. मी हाय धरायला."

ती वाकली. तो समोर उकिडवा बसून बघत राहिला. तिची पाठ कुठं अडते, उजवा पाय कसा पुढं सरकतो, हात आधी काय शोधतात. पुन्हा वाकायला सांगितलं. मग म्हणाला, "आता टाळी वाजवा. कीर्तनात वाजवता तशी."

"हिथं?"

"हिथंच. कोण ऐकून राह्यलंय?"

साळूबाईला लाज वाटली. पण तिनं डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल म्हटलं, हळू, आणि दुसऱ्या-तिसऱ्या टाळीला अंग आपसूक डोलायला लागलं. हाशिमनं खडूनं जमिनीवर एक रेघ ओढली, मग तिच्यापुढं दुसरी.

"कळलं," तो म्हणाला. "बाकीच्यांची खुर्ची माणसाला म्हणती, गप बस. तुमचीला म्हणावं लागल, ये खाली, मी धरून हाय."

"आणि उंच नको रे. बायकांत बसता आलं पाह्यजे. सतरंजीवर."

"मंग उठणार कश्या?"

"ते तू बघ."

खाटेवरून ख्वाजामियाँ म्हणाले, "बघ आता. मोठा कारागीर ना तू?"

पहिली खुर्ची त्यानं पाळण्यासारखी केली, खाली दोन गोल पट्ट्या लावून. साळूबाई बसली, जराशी झुकली आणि खुर्चीनं तिला असं पुढं फेकलं की हाशिमनं मध्ये येऊन खांदा दिला.

"अरे, ही तर लेकरू पाळण्यातून टाकून देती!"

"लै जल्दी झाली," हाशिम डोकं खाजवत म्हणाला. "हिला सबुरी शिकवावी लागल."

मग त्यानं पट्ट्यांचा पुढचा गोलावा तासून कमी केला, म्हणजे ती सावकाश झुकेल. खाली जुन्या टायरचं रबर मारलं, म्हणजे सरकणार नाही. पुढं एक ठोकळा बसवला, म्हणजे ठरल्या जागी थांबेल. दोन्ही बाजूंना मुठीत मावतील असे दांडे लावले. उंची पाटापेक्षा जास्त, खुर्चीपेक्षा खूप कमी. उजवा पाय समोर लांब सोडायला मोकळी जागा. आणि बैठक अशी तिरपी घेतली की दांडे दाबून टाच रोवली की तीच माणसाला वर लोटून उभं करील. लाकूड सागाचं, एका जुन्या चौकटीचं. ते घासल्यावर मधासारखं दिसायला लागलं.

साळूबाई पुन्हा बघायला गेली तेव्हा आसन तयार होतं, पण त्यावर ख्वाजामियाँ बसले होते.

"अब्बा, मावशी आल्या," हाशिम म्हणाला.

म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. मशिदीत त्यांनाही आता रांगेच्या टोकाला खुर्चीवर बसावं लागायचं. बाकीचे जमिनीला कपाळ टेकायचे तेव्हा हे नुसती मान झुकवायचे. त्यांनी दांडे धरले आणि झुकले. आसन त्यांच्याबरोबर झुकलं, सावकाश. त्यांचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. कपाळ टेकलं नाही, पण तळवे टेकले. ते तसेच राहिले. हाशिमनं हातातला रंधा खाली ठेवला, आवाज न करता.

मग ते वर आले, टोपी सारखी केली. "बराबर हाय," म्हणाले. "मावशीची मावशीला देऊन टाक. मंग माझी घे करायला. दोघं म्हातारे एका खुर्चीवर भांडायला नको."

साळूबाई बसली. झुकली. आसन तिला घेऊन खाली गेलं, भुश्शात तिची बोटं टेकली आणि तिनं दांडे दाबले तसं त्यानं तिला परत वर आणून उभं केलं. तिनं पदर तोंडाला लावला. रडली की हसली ते हाशिमला कळलं नाही. त्यानं पॉलिशचा डबा उघडायला घेतला.

सप्ता बसायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हाशिम आसन टेम्पोत टाकून घेऊन आला. साळूबाईच्या दारात थांबून म्हणाला, "मावशी, कुठं ठेवू? सकाळी हे उचलून न्यायला तुमच्याकडं कोण हाय?"

"मंडपातच ठेव. बायकांच्या बाजूला."

चूक म्हणायची तर एवढीच झाली. हाशिमनं ते मंडपात नेलं. पडदे बांधणाऱ्या संघपालला विचारलं, बायकांची बाजू कुठली? संघपालनं शिडीवरूनच पायानं दाखवली. हाशिमनं आसन तिथं, व्यासपीठाच्या कडेला, फडकं टाकून ठेवलं आणि गेला. नाव कोणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

पहाटे काकड्याला सगळ्यांत आधी चतुराबाई आली. पोथीची सेवा तिच्याकडं होती: वस्त्र धुवायचं, फुलं वाहायची, दर्शनाला येणाऱ्याच्या कपाळाला बुक्का लावायचा. तिनं फडकं उचललं. खाली मधासारखं सागाचं आसन, बुटकं, घासून गुळगुळीत केलेलं, दोन्हीकडं दांडे. गावाच्या पोथीला आजवर पत्र्याचं स्टूल होतं. कोण्या पुण्यवानानं नाव न सांगता दान दिलं, असं तिला वाटलं. दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं. तिनं आसन ओल्या फडक्यानं पुसलं, चारी बाजूंना हळद-कुंकवाची बोटं ओढली, त्यावर भगवं वस्त्र घातलं आणि पोथी डोक्याला लावून वर ठेवली.

साळूबाई काठी टेकत आली तेव्हा पोथीपुढं रांग लागली होती.

जो तो यायचा, आसनाच्या कडेला हात टेकून कपाळ लावायचा. आणि हात टेकला की आसन झुकायचं. पोथी त्या माणसाकडं हळूच मान लववायची आणि त्यानं हात काढला की परत सरळ व्हायची.

"अरे, पोथी पाया पडून राह्यली!" सूरज नावाचं एक पोरगं ओरडलं.

"गप. पाया पडत नसती. आशीर्वाद देती," सप्त्याचे प्रमुख रखमाजी म्हणाले. पण त्यांनी स्वतः दोनदा दर्शन घेतलं.

साळूबाई त्यांच्याजवळ गेली. "रखमाजी, हे आसन..."

"बघितलं का, साळूबाई! गुप्तदान. असली वस्तू तालुक्यात न्हाई. चतुराबाईनं सवता कुंकू लावून मांडलं. मी तर म्हणतो, आता पोथी इथून हलवायची न्हाई, कायम ह्याच्यावर." मग त्यांचं लक्ष तिच्या काठीकडं गेलं. "अहो, उभ्या काय? ए संघपाल, आज्जीला खुर्ची दे रे!"

लाल खुर्ची आली. खांबाजवळ ठेवली गेली. साळूबाई बसली.

काय बोलणार होती ती? पोथी उचला, मला बसायचंय? आणि समजा उचलली. ज्या लाकडाला पोथीचा स्पर्श झाला, कुंकवाची बोटं लागली, त्यावर आपण बसायचं? आणि ती बोटं चतुराची. नको म्हणावं तर चतुराच्या सेवेला नको म्हटल्यासारखं.

रात्रीच्या कीर्तनात महाराजांनाही विषय मिळाला. उपरणं कमरेला खोवून ते म्हणाले, "तुम्ही देवापुढं वाकता म्हणून तुम्हाला वाटतं आपण मोठे भक्त. अहो, तुमचा हात लागायच्या आधी तो वाकायला बसलेला असतो! आपणच जवळ जात नाही." मृदंग घुमला, टाळ उठले, बायकांची ओळ डोलायला लागली. साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. महाराज खरं तेच बोलत होते आणि ते लाकूड तिच्या गुडघ्याच्या मापाचं होतं, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ती डोलली. खुर्ची किरकिरली. पुढचीनं वळून बघितलं.

सप्त्याच्या मध्यावर एका दुपारी हाशिम आला. अन्नदानाच्या पंगती चालल्या होत्या; कोणीतरी त्याला पानावर बसायचा आग्रह केला, तर तो आलोच म्हणून आधी मंडपात डोकावला. पोथी बघितली, आसन बघितलं, मग खांबाजवळची लाल खुर्ची.

"मावशी! हे काय?"

"हळू बोल."

"अहो, ती तुमची हाय. माझ्या हातानं तुमच्या पायाचं माप घेतलं मी. पोथीला कुठं गुडघे असतात?"

साळूबाईला हसू आलं. "राहू दे रे."

"मी सांगतो रखमाजीला. एका मिनिटाचं काम."

"तू बिलकुल बोलायचं न्हाई. तुझ्या आसनावर पोथी बसली. असं भाग्य कोणत्या सुताराला येतं?"

हाशिम आसनाकडं बघत उभा राहिला. लोक समोरून दाबत होते; त्यानं ते बसणाऱ्यासाठी केलं होतं. तरी ते प्रत्येकाला झुकत होतं, प्रत्येकाला वर सोडत होतं. "दुसरी करून देतो," तो म्हणाला. "पण काल्यापर्यंत व्हायची न्हाई. आधी अब्बाची हाय. आन् मंग तुम्ही जाणार."

"अब्बाची कर."

तो जेवायला गेला. जाताना आसनाजवळ थांबला, खाली वाकून ठोकळा घट्ट आहे ना एवढं बघितलं. चतुराबाईनं त्याच्याही कपाळाला बुक्का लावायला हात पुढं केला, मग गोंधळून थांबली. हाशिमनं दोन्ही हात जोडले आणि निघाला.

काल्याच्या दिवशी सकाळी पोथीची दिंडी निघते. रखमाजींनी पोथी डोक्यावर घेतली. वीणेकरी पुढं, टाळकरी दोन ओळींत, मागं तुळशी-कळश्या घेतलेल्या बायका. सगळं गाव दिंडीबरोबर गेलं. आचारी मागच्या चुलींवर होते, त्यांचा आवाज इथवर येत नव्हता. साळूबाईला चालवत नव्हतं. कोणी म्हणालं, "आज्जी, तुम्ही मंडप सांभाळा." म्हणजे तिला काहीतरी काम दिलं.

टाळांचा आवाज गल्लीत वळला, लांब गेला. मंडपात सतरंज्या, लाह्या, चुरगळलेली झेंडूची फुलं. आणि व्यासपीठाच्या कडेला रिकामं आसन.

दिंडी येईल, काल्याचं कीर्तन होईल, दहीहंडी फुटेल, पंगत बसेल. अंगदचा फोन आला होता. तो शहागड ओलांडून आला होता. साळूबाई बराच वेळ बसून राहिली. मग काठी टेकत गेली. आसनावरचं भगवं वस्त्र तिनं दोन्ही हातांनी उचललं, घडी घातली, व्यासपीठावर ठेवलं. आसनाला हात लावून तो कपाळाला लावला. "देवा, माफी कर," म्हणाली. "तू आत्ता फिरायला गेलास." आणि बसली.

लाकडानं तिला ओळखलं. दांडे मुठीत आले, उजवा पाय मोकळ्या जागेत सरळ गेला. लांबून पखवाज ऐकू येत होता, मारुतीच्या पाराजवळून असेल. ती डोलली आणि काही किरकिरलं नाही. आजूबाजूला खांदे नव्हते, पण आसन तिला पुढं नेऊन परत आणत होतं, शेजारी कोणी बसल्यासारखं. तिनं दांडे धरले, पुढं झुकली. आसन तिला सावकाश खाली घेऊन गेलं, बोटं सतरंजीला टेकली. लाहीचा एक दाणा बोटाला चिकटून आला.

सगळं बराबर होतं. समोर पाय तेवढे नव्हते.

ती पुन्हा झुकली. पुन्हा वर आली. रिकाम्या मंडपात एक म्हातारी कोणाच्याच पाया पडत नव्हती.

"अगं बाई!"

चतुराबाई पडद्याशी उभी होती. बुक्क्याचा डबा राहिला होता; दारोदार दिंडी थांबत होती आणि लावायला बुक्का नव्हता, म्हणून ती धावत आली होती.

"उठ तिथून. पोथीचं आसन हाय ते."

कित्येक वर्षांत चतुराच्या तोंडून साळूबाईसाठी निघालेले हे पहिले शब्द. साळूबाई उठली नाही.

"मी कुंकू लावलंय त्याला. दिसत न्हाई का?"

"दिसतंय."

"मंग? महाराजाची खुर्ची पुरंना का आता तुला?"

"माझंच हाय ते, चतुरे," साळूबाई म्हणाली. "हाशिमकडून करून घेतल्तं मी."

चतुराबाईचा डब्याकडं गेलेला हात थांबला. तिनं आसनाकडं बघितलं, घडी घातलेल्या वस्त्राकडं बघितलं. "तुझं? आन् बोलली न्हाईस?"

"तू कुंकू लावलं होतंस."

"म्हणून काय झालं? तोंड न्हाई का तुला? सगळं गाव गुप्तदान गुप्तदान करून राह्यलं, आन् तू आपली खांबाला टेकून..." तिचा आवाज चढला, मग तिला पुढचं सुचेना. "तुला कशाला पाह्यजे होतं असलं?"

साळूबाईनं दांडे धरले आणि झुकली. आसन झुकलं. चतुराबाईचे पाय समोरच होते: टाचांना भेगा, अंगठ्याला दिंडीची माती, बोटांत जोडव्यांच्या जागी अजून फिकट वळं. साळूबाईनं दोन्ही हात त्या पायांवर ठेवले. घाई केली नाही. ठोकळा तिला धरून होता.

"अगं अगं अगं!" चतुराबाई मागं सरकली. "पोथीच्या जागेवर बसून माझ्या पाया पडती? कोणत्या जन्मी फेडू मी हे?" आणि ती धाडकन खाली बसली, डोकं पुढं केलं. कपाळ आसनाच्या कडेला लागलं, हात साळूबाईच्या लांब सोडलेल्या पायावर पडला.

कपाळ पोथीच्या जागेला होतं, की तिला? साळूबाईला कळलं नाही. विचारण्यासारखंही नव्हतं. आसन तिला वर घेऊन आलं आणि चतुराबाई उठून पदरानं तोंड पुसायला लागली.

"पुण्याला चाललीस म्हणं."

"कोण म्हणलं?"

"कोण म्हणायला पाह्यजे? भिंत काय किल्ल्याची हाय? तो अंगद फोनवर वरडतो नुसता."

"तुझा खोकला बी येतो मला ऐकू. दुपारचा."

"मंग इचारायचं न्हाई का कधी?"

पाराजवळ टाळ थांबले होते. तिथं बायका बुक्क्याची वाट बघत असतील.

"कवा निघणार?"

"अंगद शहागडच्या अलीकडं आलाय."

"काल्याचं कीर्तन तरी ऐकू दे म्हणावं. गाडी काय पळून चालली?" चतुराबाईनं डबा उचलला, झाकण घट्ट केलं. वस्त्र हातात घेतलं, परत ठेवलं. "चल, उठ आता. पोथी येईल."

आसन असं होतं की टाच रोवून दांडे दाबले की माणूस आपोआप उभा राहावा. साळूबाईनं टाच उचलून धरली. सगळं वजन मागं टाकून बसली.

"उठवंना गं," ती म्हणाली.

चतुराबाईनं दाराकडं बघितलं, मग तिच्याकडं. डबा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.